पहिल्या थंडीआधी घराची तयारी: अमेरिकेत नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

ऑगस्टमध्ये शिकागो, डेट्रॉइट, मिनियापोलिस किंवा न्यू जर्सीत येऊन टेकलेलं मराठी कुटुंब ऑक्टोबर संपेपर्यंत जाड जॅकेटं, बूट, हातमोजे घेऊन मोकळं होतं. माणसांची तयारी होते, घराची राहून जाते. आणि थंडीत मोठा फटका बसतो तो बहुतेक वेळा घरालाच, तोही बर्फामुळे नव्हे, पाण्यामुळे. भिंतीतला एक पाइप फुटला की काही तासांत फरशी, गालिचा, तळघर, खालच्या खोलीचं छत सगळं भिजून जातं.

यात आपल्याकडची एक चांगली सवय नडते. चार दिवस गावाला निघालो की आपण गॅस बंद करतो, मेन स्विच खाली करतो, मग कुलूप लावतो. कुणी नसलेल्या खोलीत दिवा चालू दिसला तरी आपल्याला चैन पडत नाही. त्याच हातानं इथे निघताना हीटिंग बंद केलं जातं आणि तिथेच घात होतो. थंड मुलखात हीटिंग माणसांइतकंच पाइपांसाठी असतं. घरात कुणी नसलं तरी ते चालू राहायला हवं. बंद करायचं ते पाणी. एवढं पक्कं ध्यानात ठेवा, बाकीचं पुढे ओघानं येईल.

पाइप का फुटतो

पाणी ३२ अंश फॅरनहाइटला, म्हणजे शून्य सेल्सियसला गोठतं आणि गोठताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. बर्फ फुगला आणि पाइप तडकला, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. पाइपात एका जागी बर्फाचं बूच बसतं. ते वाढत जातं तसतसं ते बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेलं पाणी दाबलं जातं. त्या पाण्याला जायला वाट नसते, दाब वाढत जातो आणि जिथे पाइप किंवा सांधा कच्चा असेल तिथे तो फुटतो. म्हणून फुटलेली जागा पुष्कळदा गोठलेल्या जागेपासून लांब सापडते. नळ थोडासा सोडून ठेवण्याचा उपाय लागू पडतो तो यामुळेच: बारीक धारेनं का होईना, पाण्याला वाट मिळाली की दाब साठत नाही.

गोठलेला असेपर्यंत फुटलेला पाइप फारसा गळत नाही, बर्फच त्याचं तोंड धरून ठेवतो. पाणी वाहू लागतं ते बर्फ वितळल्यावर. कडाक्याची रात्र निभावली म्हणून निर्धास्त झालेल्या घरात दुसऱ्या दिवशी दुपारी छतातून पाणी ठिबकतं, ते यामुळे.

पारा ३२ च्या खाली गेला की लगेच पाइप गोठतात असं मात्र नाही. इलिनॉय विद्यापीठात झालेल्या प्रयोगांतून २० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे ७ सेल्सियस, हा सावध होण्याचा आकडा पुढे आला. तो गरम न होणाऱ्या पोटमाळ्यातल्या, आवरण नसलेल्या पाइपांसाठी होता. फटीतून वारा थेट पाइपावर येत असेल तर त्याआधीही धोका असतो. फोनवर हवामान बघताना २० चा आकडा लक्षात असू द्या.

सगळ्यात आधी: पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह शोधा

घराचा ताबा मिळाला की पहिल्याच आठवड्यात हे करा. बाहेरचं पाणी घरात जिथून शिरतं तिथे, शक्यतो तळघरात रस्त्याकडच्या भिंतीपाशी, पाण्याच्या मीटरजवळ हा व्हॉल्व्ह असतो. तळघर नसेल तर गॅरेज, वॉटर हीटरची खोली किंवा भांडी घासायच्या सिंकखालचं कपाट पाहा. दक्षिणेकडच्या राज्यांत तो पुष्कळदा घराबाहेर, जमिनीत पुरलेल्या मीटरच्या डबीत असतो.

व्हॉल्व्ह दोन प्रकारचे दिसतील. एकाला सरळ दांडा असतो: दांडा पाइपाच्या दिशेत म्हणजे पाणी चालू, पाव फेरा देऊन आडवा केला की बंद. दुसऱ्याला गोल चाक असतं, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं बरेच फेरे फिरवावं लागतं. जुन्या घरातलं चाक कित्येक वर्षांत कुणी फिरवलेलं नसतं आणि ऐन वेळी जागचं हलत नाही. म्हणून एकदा दिवसाढवळ्या बंद करून पाहा, वरच्या मजल्यावरचा नळ सोडून पाणी खरंच थांबतं का ते तपासा. चाक अडलं असेल तर जोर करू नका, प्लंबरकडून बदलून घ्या. मग त्याला एक रंगीत चिठ्ठी बांधा आणि घरातल्या प्रत्येकाला, शाळेतल्या मुलांना आणि भारतातून राहायला आलेल्या आईबाबांनाही, तो हातानं फिरवून दाखवा. दुपारी घरी आई एकट्याच असतील आणि पाणी उडायला लागलं, तर तुम्ही ऑफिसातून येईपर्यंत वाट बघण्यात काही हशील नाही.

घर कशानं गरम होतं ते ओळखा

खोलीच्या जमिनीत किंवा भिंतीत जाळ्या असतील आणि त्यातून गरम हवा येत असेल, तर तळघरात किंवा एखाद्या कपाटात फर्नेस आहे. बहुतेक उपनगरी घरांत हेच असतं. खिडकीखाली लोखंडी रेडिएटर असतील तर कुठेतरी बॉयलर आहे. न्यू यॉर्क आणि शिकागोतल्या जुन्या इमारती या वळणाच्या. भिंतीलगत जमिनीपाशी लांबट पत्र्याची पेटी असेल तर बहुधा ते विजेचं बेसबोर्ड हीटर आहे, आणि त्याचं बिल सगळ्यात जड पडतं. घराबाहेरचं एसीसारखं यंत्र हिवाळ्यातही चालत असेल तर तो हीट पंप.

फर्नेसवाल्यांनी फिल्टरकडे लक्ष द्यावं. एक इंच जाडीचा फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी बदलतात. हिवाळ्यात महिन्यातून एकदा काढून नुसता उजेडासमोर धरला तरी कळतं. त्याच्या कडेवर बाण छापलेला असतो, तो हवा वाहते त्या दिशेला, म्हणजे फर्नेसच्या बाजूला यायला हवा. फिल्टर तुंबला की हवा पुढे सरकत नाही, फर्नेस तापून मध्येच बंद पडते आणि आपण मात्र थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवायचं भिंतीवरचं यंत्र, वर वर चढवत बसतो. जाळ्यांवर सोफा किंवा पलंग ठेवू नका. न वापरत्या खोलीच्या जाळ्या बंद केल्यानं पैसे वाचतात हाही गैरसमज आहे: त्यानं यंत्रावरचा ताण वाढतो आणि त्या खोलीच्या भिंतीतला पाइप गारठतो तो वेगळाच.

नव्या गॅस फर्नेसचे एक किंवा दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर निघालेले असतात. एकातून ताजी हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. बर्फ पडल्यावर दारापुढची वाट मोकळी करतो तसं आधी जाऊन त्या पाइपांच्या तोंडापुढचं बर्फ काढा. तोंड बुजलं तर फर्नेस बंद पडते आणि विषारी वायू घरात उलटण्याचा धोका असतो.

वाफेवर चालणाऱ्या रेडिएटरला एकच पाइप जोडलेला असेल तर त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट ठेवला की आत पाणी साचतं आणि रात्रभर ठणठण आवाज येतो. हीट पंपाची हवा फर्नेसइतकी कढत लागत नाही, कोमट लागते. तो बिघडलेला नसतो. त्याच्या थर्मोस्टॅटवर ‘इमर्जन्सी हीट’ असं बटण दिसलं तर पंप खरोखर बंद पडल्याशिवाय ते लावू नका, कारण त्यात सगळी ऊब थेट विजेच्या कॉइलवर तयार होते आणि बिल फुगतं.

थर्मोस्टॅट किती ठेवावा

दिवसा घरात असताना ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सियस, हा अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं सुचवलेला आकडा आहे. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला पहिले काही आठवडे तो गारच वाटतो. घरात स्वेटर, पायमोजे आणि जाड सपाता घाला. पाय गरम राहिले की निम्मी थंडी पळते. अंगणवाडीच्या वयाची मुलं आणि साठीपुढची माणसं घरात असतील तर ७० किंवा ७२ ठेवा, तिथे काटकसर नको. खोबरेल तेल बाटलीत घट्ट बसलंय म्हणून घर गार आहे असं समजू नका. ते साधारण २४ सेल्सियसच्या खाली घट्ट होतंच, इथे ते मार्चपर्यंत तसंच राहायचं.

त्याच खात्याच्या हिशेबानं रोज आठ तास थर्मोस्टॅट सात ते दहा अंशांनी खाली ठेवला तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. रात्री झोपताना आणि सगळे कामावर असताना हे करता येतं. मात्र दोन वेळा हा मोह टाळा. एक, घरात हीट पंप असेल तर: सकाळी एकदम दहा अंश चढवायला लावले की तो महागडी मदतनीस कॉइल चालू करतो आणि वाचलेलं सगळं जातं. दोन, बाहेर २० च्या खाली गेलं असेल तर: त्या रात्री आकडा दिवसाइतकाच राहू द्या. चार पैसे जास्त जातील, पाइप वाचतील.

थर्मोस्टॅटचा आकडा ८० वर नेल्यानं घर लवकर गरम होत नाही. साधारण फर्नेस एकाच वेगानं चालते. ८० म्हटलं तर फक्त थांबायचं कधी ते पुढे ढकललं जातं. थर्मोस्टॅटवरचं पंख्याचं बटण ‘ऑटो’ वर असू द्या.

फटी बुजवणं: सगळ्यात स्वस्तात मिळणारी ऊब

वारा असलेल्या संध्याकाळी ओल्या हाताचा तळवा खिडकीच्या चौकटीपुढे, दाराच्या खालच्या कडेपाशी आणि बाहेरच्या भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटपुढे फिरवा. गार झुळूक कुठून येते ते लगेच कळतं. दाराखालच्या फटीला डोअर स्वीप, म्हणजे दाराच्या खालच्या कडेला बसणारी पट्टी लावतात. तो मिळेपर्यंत जुनी चादर गुंडाळून ठेवली तरी फरक पडतो. खिडकीच्या सरकत्या कडांना चिकटणारी फोमची पट्टी लावा.

भाड्याच्या घरात सगळ्यात उपयोगी म्हणजे खिडकीला लावायच्या प्लास्टिक फिल्मचा संच. होम डेपो, लोज, वॉलमार्ट अशा कुठल्याही दुकानात मिळतो. चौकट पुसून कोरडी करा, दुतर्फी टेप लावा, फिल्म सैलसर चिकटवा आणि मग हेअर ड्रायरची गरम हवा कडेकडून मध्याकडे फिरवत न्या. सुरकुत्या आक्रसून फिल्म ताणून बसते, लांबून दिसतही नाही. काच आणि फिल्म यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो आणि खिडकीपाशी बसल्यावर पाठीला लागणारा गारवा थांबतो. टेप काढताना रंग निघू शकतो, तेव्हा आधी एका कोपऱ्यात लावून बघा. संकटात बाहेर पडायची जी खिडकी असेल तिच्यावर फिल्म लावू नका.

दक्षिणेकडच्या खिडक्यांचे पडदे दिवसा उघडे ठेवून ऊन आत घ्या, सूर्य कलला की सगळे पडदे ओढून घ्या. छताच्या पंख्याला दिशा बदलायची कळ असते. हिवाळ्यात तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं अगदी हळू फिरवला तर वर गेलेली गरम हवा भिंतींवरून खाली येते.

कोरडी हवा, फोडणी आणि घाम सुटलेल्या खिडक्या

हीटिंग सुरू झालं की घरातली हवा कोरडी पडते. ओठ फुटतात, मुलांच्या नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक चटका बसतो. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास ठेवली की बरं वाटतं. ती मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. यंत्रातलं पाणी रोज बदला आणि टाकी घासत जा, नाहीतर बुरशी हवेत पसरते.

आपल्या घरांत पुष्कळदा उलटंही होतं. कुकरच्या शिट्ट्या, वरणभाताची वाफ, आत वाळत घातलेले कपडे यांनी हवा दमट होते आणि गार काचांवर पाणी ओघळू लागतं. ते चौकटीत मुरलं की काळी बुरशी धरते. काचांना घाम दिसला की ह्युमिडिफायर बंद करा, स्वयंपाक करताना झाकण ठेवा आणि शेगडीवरचा पंखा चालू ठेवा. तो पंखा वाफ खरंच घराबाहेर टाकतो की नुसता जाळीतून गाळून परत खोलीत सोडतो, तेही पाहून घ्या. अपार्टमेंटमध्ये बऱ्याचदा दुसराच प्रकार असतो.

मिरचीच्या फोडणीनं स्मोक अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. कृपा करून हे करू नका. हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद असतात, हीटर चालू असतात, आणि अलार्मची खरी गरज याच दिवसांत असते. बहुतेक अलार्मना थोडा वेळ गप्प करायचं बटण असतं, ते दाबा.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळणं, चक्कर, सगळ्या घराला एकाच वेळी फ्लूसारखं वाटणं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं, ही त्याची लक्षणं. त्याचा अलार्म वेगळा असतो. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ एकेक लावा. वाजला तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा.

वीज गेली, घर गारठलं, म्हणून घरात कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू पेटवू नका. आपल्याकडे कौलारू घरात, फटीफटींतून वारा खेळत असतो तिथे शेगडी चालून गेली असेल. इथली घरं हवाबंद असतात. गॅसच्या ओव्हनचं दार उघडं टाकून खोली गरम करणं तितकंच घातक. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, दारं-खिडक्यांपासून दूर ठेवायचा, गॅरेजचं दार उघडं असलं तरी गॅरेजमध्ये नाही. गॅरेजमध्ये गाडी चालू करून इंजिन गरम करत ठेवणंही नको.

खोलीत ठेवायचा इलेक्ट्रिक हीटर साधारण १५०० वॅटचा असतो, म्हणजे तासाला दीड युनिट वीज. १२० व्होल्टच्या सॉकेटमधून तो साडेबारा अँपिअर ओढतो, म्हणून तो थेट भिंतीतल्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेन्शनची वायर तापून पेट घेते. पडदे, पांघरुणं, वाळत घातलेले कपडे तीन फूट लांब. आडवा पडला तर आपोआप बंद होणाराच घ्या आणि झोपताना बंद करा.

पाइपांची तयारी, पहिला बर्फ पडायच्या आत

बागेच्या नळापासून सुरुवात करा, कारण पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त विसरला जातो तो हाच. बहुतेक घरांना आता न गोठणारा नळ असतो. त्याची मूठ बाहेर असली तरी पाणी अडवणारा वायसर एका लांब दांड्याच्या टोकाला, भिंतीच्या आत उबदार बाजूला असतो. नळ बंद केला की पुढच्या भागातलं पाणी आपोआप गळून जातं. पण रबरी नळी लावलेलीच राहिली तर ते पाणी बाहेर पडत नाही, तिथेच गोठतं आणि भिंतीच्या आतला भाग चिरतो. कळतं ते एप्रिलमध्ये, झाडांना पाणी घालायला नळ उघडल्यावर, तळघराची भिंत ओली झाली की. ऑक्टोबरमध्येच नळी काढा, तिच्यातलं पाणी ओतून टाका, गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवा. जुना साधा नळ असेल तर घराच्या आत त्याचा वेगळा व्हॉल्व्ह असतो, तो बंद करा आणि मग बाहेरचा नळ उघडून ठेवा.

मग घरभर फिरून पाइप बाहेरच्या भिंतीला कुठे लागून जातात ते पाहा. खिडकीखालचं किचन सिंक, गॅरेजच्या भिंतीपलीकडचं वॉशिंग मशीन, गॅरेजवर बांधलेलं बाथरूम, घराखालची बुटकी पोकळी, पोटमाळा. उघड्या पाइपांवर एका बाजूनं चिरलेली फोमची नळी बसवा. ती कापायला साधी कात्री पुरते आणि कोपऱ्यात टेप लावायची. फोम स्वतः ऊब देत नाही, आहे ती टिकवतो. गरम न होणाऱ्या पोकळीत थंडी लांबली तर तो एकटा पुरणार नाही. तिथे थर्मोस्टॅट असलेली हीट केबल, म्हणजे पाइपाला ऊब देणारी विजेची वायर लावतात, आणि ती मात्र कंपनीच्या सूचनांबरहुकूम लावायची, एकावर एक गुंडाळायची नाही. पाइप किंवा वायर भिंतीतून शिरते तिथली भोकं बुजवा.

कडाक्याच्या रात्री

३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे २३ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ३१ सेल्सियसच्या आसपास उतरला होता. तशा रात्रीच्या आधी संध्याकाळीच हे उरका: किचन आणि बाथरूमच्या सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाका, म्हणजे खोलीतली ऊब पाइपांपर्यंत जाईल. लहान मुलं असतील तर आधी तिथली फिनेल, क्लीनर वगैरे वर उचलून ठेवा. गॅरेजचं दार बंद. घरातले, पण बाहेरच्या भिंतीला लागून असलेले आणि मुख्य व्हॉल्व्हपासून लांबचे नळ बारीक धारेनं सोडा, गरम आणि थंड दोन्ही, कारण दोन्हींचे पाइप वेगळे असतात. पाणी वाया जातंय म्हणून जीव हळहळतो, पाण्याच्या टँकरची वाट पाहिलेल्या घरातून आलेल्यांचा तर जास्तच. खाली पातेलं ठेवा, सकाळी भांड्यांना, झाडांना वापरा. पण नळ बंद करू नका.

नळाला पाणीच येत नाही तेव्हा

सकाळी एकाच नळाची धार बारीक झाली किंवा थांबली तर त्याचा पाइप गोठलाय असं समजा. आधी मुख्य व्हॉल्व्हपाशी एक माणूस उभा करा किंवा तो बंदच करून घ्या, कारण पाइप आधीच फुटला असेल तर वितळल्यावर कळणार आहे. मग तो नळ उघडा ठेवा आणि नळाच्या बाजूनं सुरुवात करून गोठलेल्या जागेकडे ऊब देत जा. हेअर ड्रायर, शेकायची इलेक्ट्रिक पिशवी किंवा गरम पाण्यात पिळलेले टॉवेल, यांनी काम होतं. उलट्या बाजूनं सुरू केलं तर वितळलेलं पाणी आणि वाफ बर्फाच्या दोन गड्ड्यांमध्ये कोंडते. ड्रायर हातात असताना जमीन ओली नको. मेणबत्ती, लायटर, ब्लोटॉर्च अजिबात नाही. भिंतीतलं लाकूड पेटून घरं गेली आहेत. पाइप भिंतीच्या आत असेल आणि हात पोचत नसेल तर खोलीचं तापमान वाढवा आणि प्लंबरला बोलवा.

फुटलाच तर क्रम हा: मुख्य व्हॉल्व्ह बंद, मग नळ उघडून उरलेलं पाणी काढणं, पाणी विजेच्या जवळ पोचलं असेल तर ब्रेकर बंद, पण ब्रेकरच्या पेटीपुढेच पाणी साचलं असेल तर तिथे जायचं नाही. सामान उचलायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ घ्या. त्यानंतर विमा कंपनी, घरमालक, प्लंबर.

टेक्सासमध्ये राहता म्हणून निर्धास्त राहू नका

डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनकडे मराठी मंडळी मोठ्या संख्येनं आहेत आणि थंडीचा विषय निघाला की तिकडची माणसं हसतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र तिथे लाखो घरांची वीज कित्येक तास, काही ठिकाणी कित्येक दिवस गेली होती. १६ तारखेला डॅलस-फोर्ट वर्थचा पारा उणे २ फॅरनहाइटवर होता. तिकडची घरं उन्हाळ्याच्या हिशेबानं बांधलेली: वॉटर हीटर आणि पाइप पोटमाळ्यात, बाहेरच्या भिंतींत. हीटिंग बंद पडल्यावर ते गोठले आणि घरोघरी छतं कोसळली. राज्याच्या आरोग्य खात्यानं या वादळात २४६ मृत्यू नोंदवले. त्यांत शेगड्या, जनरेटर आणि गॅरेजमधल्या गाड्यांच्या धुरानं गेलेलेही होते. वीज जाऊन घर गारठू लागलं आणि ती लवकर येण्याची चिन्हं नसली, तर पिण्याचं पाणी भरून घ्या, मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सगळे नळ उघडून पाइप रिकामे करा, संडास एकदा फ्लश करा. तेवढ्यानं घर वाचतं.

भाड्यानं राहत असाल तर

घर गरम ठेवणं ही बऱ्याच शहरांत घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. न्यू यॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १० दरम्यान बाहेर ५५ च्या खाली असेल तर घरात ६८ आणि रात्री किमान ६२ अंश फॅरनहाइट हवेत. शिकागोत १५ सप्टेंबर ते १ जून, दिवसा ६८ आणि रात्री ६६. भिंतीवरच्या तापमापकाचा वेळेसह फोटो काढा, मालकाला लेखी कळवा, दाद मिळाली नाही तर दोन्ही शहरांत ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या क्रमांकाला फोन लावा. तक्रार केली तर व्हिसावर गदा येईल या भीतीनं कुडकुडत बसणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. ही शहराची साधी नागरी तक्रार आहे, व्हिसाशी तिचा काही संबंध नाही.

भाडेकरूचा विमा जरूर घ्या. इमारत मालकाच्या विम्यात असते, तुमचा लॅपटॉप आणि गादी नसते.

डिसेंबरात भारतात जाताना

लग्नसराई, मुलांच्या सुट्ट्या, स्वस्त तिकिटं हे सगळं बघून आपण नेमके ऐन थंडीत तीन-चार आठवडे घर रिकामं ठेवतो. थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या खाली, म्हणजे १३ सेल्सियसच्या खाली नेऊ नका. माझं मत विचाराल तर ६० ठेवा. घर गरम ठेवलं नव्हतं असं दिसलं तर पाइप फुटल्याचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, तेव्हा पॉलिसीतलं त्याबद्दलचं कलम निघायच्या आधी वाचा. बिल भरलेलं आहे ना, थर्मोस्टॅटची बॅटरी नवी आहे ना, हेही पाहा.

मग मुख्य व्हॉल्व्ह बंद करून वरच्या आणि खालच्या मजल्यावरचे नळ उघडा, पाणी निथळू द्या, फ्लश करा. वॉटर हीटर गॅसचा असेल तर ‘व्हेकेशन’ या, पाणी कमी तापवणाऱ्या खुणेवर ठेवा, विजेचा असेल तर बंद करा. बॉयलरवर चालणारं घर किंवा छतात आगीचे स्प्रिंकलर असतील तर मात्र पाणी बंद करण्याआधी तंत्रज्ञाला किंवा सोसायटीला विचारा, कारण त्या दोघांनाही पाणी लागतं. शेजाऱ्याकडे किंवा मंडळातल्या एखाद्या मित्राकडे किल्ली द्या. त्याला व्हॉल्व्ह आणि थर्मोस्टॅट दाखवा आणि दर दोन-तीन दिवसांनी आत येऊन एक चक्कर मारायला सांगा. वाय-फायवर चालणारा थर्मोस्टॅट असेल तर पुण्यात बसूनही घराचं तापमान दिसतं, पण इंटरनेट गेलं की तेही गेलं, म्हणून माणूस हवाच.

परत आल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि सगळे नळ थोडे सोडून ठेवा. आधी हवा फुरफुरत निघेल, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. नळाच्या तोंडाची जाळी काढून कचरा झटकून टाका. वॉटर हीटर विजेचा असेल तर गरम पाण्याच्या नळाला अखंड धार लागल्यावरच तो पुन्हा नेहमीच्या १२० अंशांवर आणा. टाकीत पाणी कमी असताना चालू केला तर आतली कॉइल जळते.